दाढी वाढेपर्यंतचा पाहुणा

आमच्या शेजारच्या दत्तूला "चहा घेतोस का?" असं सहज विचारायची सोय नाही. तो उंबऱ्यावरूनच उलट विचारतो, "कशावर अवलंबून आसा?" पहिल्यांदा ऐकणारा माणूस गोंधळतो. दत्तूचं म्हणणं एवढंच असतं की चहा हा दुधावर, साखरेवर, चहापुडीवर आणि गॅसवर अवलंबून आहे, आणि या सगळ्या वस्तू घरात हजर आहेत याची खात्री विचारणाऱ्याने आधी केली आहे का? एकदा माझ्या बायकोने त्याला चहा विचारला आणि आत गेल्यावर तिच्या लक्षात आलं की दूध नासलंय. दत्तूने पडवीतल्या सोप्यावर बसल्या बसल्या तिला सुनावलं, "वयनी, दूध घरात नाय, तर चाय जाहीर कित्याक केलात?" तेव्हापासून दत्तू फाटकात दिसला की आमच्याकडे आधी फ्रीज उघडून बघतात आणि मग त्याच्याकडे बघून हसतात.

दत्तू म्हणजे दत्तप्रसाद. पार्से गावात आमच्या कुंपणाला लागून त्याचं घर, मागे थोडे काजू, बाजूला माड, घरात तो आणि त्याची आई. चाळिशी ओलांडली, लग्न नाही. सकाळी पणजीतल्या एका कंपनीचं काम घरूनच करतो, त्यावर दोघांचं पोट भरतं. ते काम तो दात घासावेत तसं उरकतो. दुपारपासून त्याचं खरं काम सुरू होतं, आणि त्याचे पैसे त्याला कोणी देत नाही. अख्ख्या गावाला दत्तूविषयी एवढी एकच गोष्ट नीट कळलेली आहे.

मी पेडण्याच्या हायस्कुलात मराठी शिकवतो. कॉम्प्युटरशी माझा संबंध मुलांचे मार्क भरण्यापुरता. तरी शेजारधर्म म्हणून मी एकदा चवथीच्या आदल्या दिवशी त्याला विचारलं, की बाबा, तू नक्की करतोस तरी काय? तो तेव्हा गणपतीच्या डोक्यावरची माटोळी बांधत होता. लाकडी चौकट टांगलेली, तिला रानातली फळं, सुपारीचे घोस, नारळ, वेली एकेक करून बांधायच्या. स्टुलावर उभा राहून तो म्हणाला, "ह्या बघा, मास्तर. नारळ आमचे, सुपारी मामाची, फळां रानातली. सगळ्यांनी वेगवेगळां हाडलां. बांधणारो एक. प्रोग्राम पण असोच तुकड्यांनी येता. ते बांधता तो लिंकर. एक तुकडो जरी कमी आसलो, तरी तो बांधूचो नाय. थंयच उभो रवान बोंब मारतलो, अमुक गावना नाय म्हणून."

"आणि नाही मारली बोंब तर?"

"गप्प रवणारो लिंकर कामाचो नाय," दत्तू म्हणाला, आणि तेवढ्यात चौकटीतला एक नारळ निसटून माझ्या पायाजवळ पडला.

लिंकरचा थोरला भाऊ म्हणजे क्रॉस कंपायलर. तो समजावताना दत्तूने आपल्या आईला कामाला लावलं. डिचोलीच्या मावशीला दात नाहीत. दत्तूची आई, म्हणजे आमच्या काकी, लाडू करतात ते पार्श्यात, स्वतःच्या चुलीवर, स्वतःचे दात शाबूत असताना. पण करतात ते मावशीच्या हिरड्यांना चावता येतील असे. तसंच दत्तूच्या कॉम्प्युटरवर बसून दुसऱ्याच कुठल्या तरी चिमुकल्या यंत्राला पचेल असा प्रोग्राम तयार करायचा. हे सगळं सामान जगभरच्या लोकांनी लिहिलेलं. दत्तू त्यातला एक शब्द लिहीत नाही. नवीन आवृत्ती आली की तो ती घेतो, बांधून बघतो, मोडलेलं दुरुस्त करतो, गुंडाळून त्याचं पॅकेज करतो, आणि ते एका मोठ्या फुकटच्या कोठारात जातं. ज्याला हवं त्याने तिथून उचलावं.

"म्हणजे तू पोस्टमन," मी म्हटलं.

"पोस्टमन पत्र फोडून चुको काढता काय?" दत्तूने विचारलं.

बरं, हे चिमुकलं यंत्र तरी आजचं असावं? छे. ती चिप आता कोणी बनवतही नाही. जुन्या पाण्याच्या पंपात, जुन्या वजनकाट्यात ती सापडते. डिचोलीकडच्या एका बंद खाणीवर एक वजनकाटा पडून आहे, त्यातही तीच चिप आहे, असं दत्तू अभिमानाने सांगतो. खाण बंद, ट्रक बंद, काटा गंजला, पण उद्या कोणाला त्या काट्याचा प्रोग्राम पुन्हा करायची बुद्धी झालीच, तर पॅकेज तयार आहे. "हे वापरतं कोण रे?" असं मी विचारलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "कोण तक्रार करीत नाय, म्हणजे वापरतत." या तर्काने आमचं गावचं वाचनालयही चांगलं चाललेलं आहे.

तक्रार हा मात्र दत्तूचा जिव्हाळ्याचा विषय. त्याच्या माडाची झावळ दर वर्षी आमच्या कौलांवर पडते. सरळ माणूस "माफ करा, माडावर चढणाऱ्याला बोलावतो" म्हणेल. दत्तू वही काढावी तशा आवाजात विचारतो, खंयचो माड? वारो खंयच्यान? कौल आदीच तडकलेलां आसलां काय? आणि शेवटचा प्रश्न असा की माझ्या बायकोच्या हातातली केरसुणीच वर उठली होती: "परत पाडून दाखवूक जायत काय?" जी चूक पुन्हा करून दाखवता येत नाही, ती या पॅकेजवाल्यांच्यात दुरुस्त करता येत नाही म्हणे. दाखवता येत नाही असं कळल्यावर तो म्हणाला, "मगे परत पडली की कळवा," आणि घरात गेला. झावळ तीन वर्षं कळवून कळवून पडते आहे.

त्याच्या घराची पुढची भिंत अर्धी पिस्त्याच्या रंगाची आणि अर्धी जुनी पिवळी आहे, त्याचंही कारण हेच पॅकेजचं खातं. त्या कोठाराची मोठी आवृत्ती निघायच्या आधी त्यांच्यात एक काळ येतो, त्याला फ्रीझ म्हणतात. या काळात नवीन काही आणायचं नाही, मोडलेलं तेवढं दुरुस्त करायचं. तो काळ एकदा नेमका चवथीच्या रंगकामावर आला. रंगारी अर्धी भिंत रंगवून जेवायला गेला, परत येतो तर दत्तू दारात उभा. "फ्रीझ लागलो," म्हणाला. रंगारी हातातला ब्रश दाखवून रडकुंडीला आला, "अरे, अर्धी भिंत रवली मरे!" दत्तूने भिंतीला हात लावून बघितलं आणि निकाल दिला, "अर्धी भिंत मोडलेली नाय." फ्रीझ उठेपर्यंत रंगारी दुसरीकडे गेला आणि पिस्त्याची तीच छटा म्हापशात कुठे मिळेना.

डिचोलीहून एक मुलगीही सांगून आली होती. काकींनी हौसेने कांदापोह्यांचा घाट घातला. दत्तूने मुलीला शिक्षण विचारलं नाही, स्वयंपाक विचारला नाही. त्याने विचारलं, "तुझां कायतरी बिघडलां, तर तू नीट सांगतस, की नुसती गप्प बसतस?" मुलगी हुशार होती. म्हणाली, "तुमका बघून आताच बिघडलां. नीट सांगलां मगे?" स्थळ मोडलं. दत्तू मात्र पुढे कितीतरी दिवस तिचं कौतुक करत होता, की तक्रार अशी असावी, थोडक्यात आणि कारणासकट.

असल्या माणसाच्या आयुष्यात कोणी येईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. पण दुपारी जेवताना फोन वाजला की दत्तू भातावरचा हात तसाच ठेवून खोलीकडे पळायचा, आणि परत यायचा तो हसत. काकींच्या हे लक्षात आलं, मग माझ्या बायकोच्या, मग गावाच्या. पेडण्याच्या किनाऱ्यावर गोऱ्यांचा काही तुटवडा नाही. "तेका कोण तरी गोरी गावल्या," असं गावाने ठरवूनच टाकलं. काकींनी तर मला घरी बोलावून दबक्या आवाजात विचारलं, "मास्तर, ती आमची भाजी-भाकरी खायत मरे?"

मी दत्तूला सरळच विचारलं. त्याने आनंदाने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. त्यावर आलेल्या पत्राचा मराठीत अर्थ असा होता: "तू नोंदवलेल्या बदलांत खालून तिसऱ्या ओळीच्या शेवटी एक जादा मोकळी जागा सुटली आहे. ज्याला हे दिसत नाही त्याने मासे मारावेत." खाली सही: हेन्रिक.

उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड देशातला हा हेन्रिक निवृत्त इंजिनियर, एकटा राहणारा, वयाने दत्तूच्या वडिलांएवढा. दत्तू पॅकेज तयार करून त्याच्याकडे पाठवायचा, हेन्रिक ते ओळीओळीने तपासायचा, शिव्या घालायचा, दत्तू दुरुस्त करायचा, मग हेन्रिक ते कोठारात चढवायचा. वर्षानुवर्षं हे चाललं होतं, कारण स्वतः चढवायचा अधिकार दत्तूला नव्हता. तो अधिकार मिळायला त्यांच्यातल्या एका जुन्या सभासदाने तुम्हाला प्रत्यक्ष भेटावं लागतं. सगळा कारभार इंटरनेटवर, कोणी कोणाचं तोंड बघत नाही, आणि अट काय, तर समोरासमोर बसा, सरकारी ओळखपत्र दाखवा, फोटो आणि चेहरा जुळला की तो सभासद तुमच्या नावाला आपली सही जोडणार. इतकी अक्कल त्यांनी आमच्या मतदानकेंद्रावर वापरली असती तर बरं झालं असतं.

असे सभासद बंगळुरूला आहेत, पुण्याला आहेत. पण दत्तूला गाडी लागते. शुक्रवारच्या बाजाराला म्हापशापर्यंत तो कसाबसा जातो, तेही खिडकी धरून. एकदा छातीचा कोट करून बेळगावच्या बसमध्ये चढला. डिचोलीला पहिली पिशवी भरली, साखळीला दुसरी, आणि पुढे घाट आहे असं कंडक्टर म्हणताच उतरून परत आला. पेडण्याहून रेल्वेने जा म्हटलं, तर आधी चाचणी म्हणून एकच स्टेशन गेला. थिवीला उतरला तेव्हा त्याचा रंग त्याच्या अर्ध्या भिंतीसारखा झाला होता, पिस्त्याच्या बाजूच्या.

मग एका दुपारी हेन्रिकचं वेगळं पत्र आलं. त्यात शिव्या नव्हत्या. डोळे अधू होत चाललेत, डॉक्टरांकडे उपाय नाही, या वर्षानंतर मी तपासणं सोडतोय, असं लिहिलं होतं. चढवणाराच गेला तर पॅकेज पोरकं होतं. त्यांच्यात शब्दच तो आहे. आणि पोरक्या पॅकेजला बराच काळ कोणी घेतलं नाही, की ते कोठारातून काढून टाकतात. दत्तूने जेवण सोडलं. काकी घाबरून माझ्याकडे आल्या, "तिणां सोडलो काय तेका?" मी म्हटलं, "काकी, ती नव्हे, तो. आणि सोडत नाहीये, आंधळा होतोय." काकी डोक्याला हात लावून खाली बसल्या. त्यांना यातलं नक्की कशाचं वाईट वाटलं ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी हेन्रिकची एक ओळ आली: तू येऊ शकत नाहीस, तर मी येतो.

चवथीच्या आदल्या दिवशी मोप्याच्या विमानतळावरून टॅक्सी आली. गावाची निम्मी माणसं कामं काढून आमच्या फाटकाशी उभी होती. टॅक्सीतून एक उंच, लालेलाल, पांढऱ्या केसांचा म्हातारा उतरला आणि सगळ्यांची निराशा झाली. त्याने घराकडे पाहिलं, अगदी जवळ जाऊन भिंतीवर, दोन रंग मिळतात तिथे, बोट फिरवलं, आणि दत्तूला पहिलाच शब्द विचारला, "फ्रीझ?"

दत्तूचा चेहरा असा फुलला की मी तसा आधी कधी पाहिला नव्हता. त्या भिंतीचा अर्थ न सांगता कळलेला हा जगातला पहिला माणूस.

पण घोटाळा झालाच. पाहुणा येणार म्हणून दत्तूने आदल्या शुक्रवारी म्हापशाला जाऊन, आयुष्यभर वाढवलेली दाढी सफाचट करून घेतली होती. सोप्यावर दोघे समोरासमोर बसले. आधी दत्तूने हेन्रिकचा पासपोर्ट उजेडात धरून दोन्ही बाजूंनी तपासला. मग हेन्रिकने दत्तूचं कार्ड नाकाला टेकवून पाहिलं. दत्तूकडे पाहिलं. पुन्हा कार्ड. आणि मान हलवली. फोटोत दाढी आहे, समोरच्याला नाही. सही करता येणार नाही.

आम्ही खवळलो. माझी बायको पुढे झाली, "अहो, तो दत्तूच! आम्ही लहानपणापासून बघतो!" हेन्रिकने नम्रपणे सांगितलं की शेजाऱ्यांचा शब्द चालत नाही. दुसरं फोटोचं ओळखपत्र मागितलं, तर गाडी चालवत नाही म्हणून लायसन्स नाही, गाडी लागते म्हणून पासपोर्ट नाही. माणूस समुद्र ओलांडून आलाय आणि दाढीवर अडलाय. दत्तूला राग यायला हवा होता. तो खूश. "बरोबर आसा," आम्हालाच समजावू लागला, "शंका येवकच जाय. न येता सही केली आसती, तर मीच घेवक नाय आसतंय."

मग त्या दोघांनी आपापसात जे ठरवलं, ते शहाण्या माणसांना सुचलं नसतं. दाढी वाढेपर्यंत हेन्रिक राहणार.

आमच्याकडे गणपती दीड दिवसाचे असतात, पाच दिवसांचे असतात. दत्तूकडे त्या वर्षी गणपती पाचव्या दिवशी गेला आणि पाहुणा राहिला. माटोळीखाली उभं राहून त्याने एकेक फळ हाताने चाचपून नाव विचारलं. काकींच्या खतखत्यात किती भाज्या आहेत ते चवीने ओळखायला लागला. बाकी सारा दिवस ते दोघे सोप्यावर शेजारी शेजारी बसायचे, दोघांच्या मांडीवर कॉम्प्युटर, आणि एकमेकांना पत्रं लिहायचे. एकदा मी बघितलं, हेन्रिकने काहीतरी टाइप केलं, हातभर अंतरावरचा दत्तू ते वाचून हसला, आणि उत्तर टाइप केलं. काकी मला म्हणाल्या, "हे बोलनत कित्याक नाय?" मी म्हटलं, "बोलतायत की." रोज सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजला की हेन्रिक दत्तूच्या हनुवटीला बोट लावून बघायचा आणि मान हलवायचा. अजून नाही. मग दोघं पाव-चहा घ्यायचे.

माझ्या बायकोचं मत पडलं, की म्हाताऱ्याला राहायचंच होतं, दाढीचं निमित्त. मला ते पटलं नाही. असल्या माणसांना निमित्तं करता येत नाहीत. मला वाटतं, त्या फोटोतली काळी दाढी तेवढीच त्याला स्पष्ट दिसत होती.

अखेर एका सकाळी हेन्रिकने मान होकारार्थी हलवली. कार्ड पुन्हा नाकाला लावलं, दत्तूकडे पाहिलं आणि कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं. झालं. हार नाही, पेढे नाहीत. काकींनीच हट्टाने दोघांच्या हातावर गूळ-खोबरं ठेवलं. जाताना हेन्रिक दत्तूला एवढंच म्हणाला, "आता तुला माझी गरज नाही." टॅक्सी वळणाआड गेल्यावरही दत्तू दाढी खाजवत रस्त्यात उभा होता.

परवा दुपारी पुन्हा झावळ पडली. मी भांडायच्या तयारीनेच त्याच्या घरी गेलो. तो खिडकीपाशी कॉम्प्युटर घेऊन बसला होता. मी खांद्यावरून डोकावलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला दत्तूची चूक सापडली. बदलांच्या नोंदीत चक्क गेल्या सालातली तारीख! मराठीच्या मास्तराला याहून मोठा सण नाही. "दत्तू, इथे साल चुकलंय!" मी ओरडलोच.

"म्हायत आसा," तो म्हणाला. "ती ठेवलेली आसा."

मला कळेना. त्याने मान वर न करता सांगितलं. आता तो स्वतः चढवू शकतो, कोणी तपासायची गरज नाही. तरी चढवण्याआधी हेन्रिकला पाठवतो. हेन्रिक दर वेळी लिहितो की मी निवृत्त झालोय, मला त्रास देऊ नकोस, आणि खाली शिव्यांसकट चूक काढून देतो. दत्तू मग ती सुधारून पॅकेज चढवतो. "तो घरात एकलोच आसता, मास्तर. मी बरोबर पाठयलां, तर तो ओरडतलो कोणार?" पहिल्यांदा तो ओळीच्या शेवटी जादा मोकळी जागा ठेवायचा. मग स्वल्पविराम गाळायला लागला. मग आकडा. "हल्ली चूक जरा मोठी करूची लागता."

मी त्या नोंदीकडे पुन्हा पाहिलं. खालून तिसऱ्या ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा होती. "आणि ही?"

"ती पण ठेवलेली आसा. दिसली तर दिसली."

त्याने पत्र पाठवलं. मी झावळ विसरून स्टुलावर बसलो. आम्ही दोघेही वाट बघत होतो, हे मला जरा उशिराच कळलं. फोन वाजला. दत्तूने वाचलं आणि मोठ्याने हसला. मग मला सबंध पत्र वाचून दाखवलं, शिवी न गाळता. साल सापडलं होतं. ज्याला आजचं साल माहीत नाही त्याने कॅलेंडर विकावं, असं हेन्रिक म्हणत होता.

"आणि दुसरी?" मी विचारलं.

दत्तूने साल बरोबर केलं, मग खालच्या ओळीवर जाऊन ती मोकळी जागा स्वतःच पुसली. तसाच आतल्या बाजूला तोंड करून ओरडला, "आये, मास्तर आयले, चाय ठेव!"

दूध घरात आहे की नाही, हे त्याने विचारलं नाही.